‘अतः’ दिसलं की थांबायचं

प्रणालीला घाम फुटला तो तीन पानी कागद वाचून, आणि तोही भर डिसेंबरात.

बोलणं मराठीत पण सरकारी कागद हिंदीत असलेल्या रामाकोन्याच्या अंगणवाडीत कार्यकर्तीची एक जागा निघाली होती. यादी लागली, तिच्यात पहिलं नाव प्रणालीचं आलं आणि घरात दोन दिवस सणासारखे गेले. यादीखाली एक ओळ होती : सात दिवसांत ‘दावे-आपत्ति आमंत्रित’. प्रणालीच्या सासूनं, जयवंताबाईनं, ती ओळ ऐकली आणि विचारलं, "आपत्ती कायले बोलावून राहिले वं हे लोक? न बोलावता येत नाही का ते?" प्रणाली हसली होती. हिंदीत आपत्ति म्हणजे नुसती हरकत, आपल्या मराठीतलं संकट नव्हे, असं तिनं सासूला समजावून सांगितलं होतं. सातव्या दिवशी हरकत आली, तेव्हा सासूचाच अर्थ बरोबर होता असं तिला वाटलं.

हरकत सुप्रियानं घेतली होती. यादीत दुसरं नाव तिचं, राहणं पाण्याच्या टाकीपलीकडे, आणि येता-जाता दोघींचं बोलणं होतं. कागद हिंदीत होता, अक्षर असं देखणं की लग्नपत्रिकेवर शोभावं. मुद्दे तीन. एक, प्रणालीचं माहेर पांढुर्ण्याचं, गावाशी तिचा संबंध नाही. दोन, तिचा स्वभाव लहान मुलांना सोसणारा नाही, ही गोष्ट ‘सर्वविदित’ आहे. तीन, तिनं पूर्वी ‘त्यागपत्र’ देऊन हातातलं काम अर्ध्यावर सोडलेलं आहे. प्रत्येक मुद्द्याच्या शेवटी ‘अतः’, म्हणजे ‘म्हणून’, आणि ‘अतः’च्या पुढं ती अपात्र. उत्तर पाच दिवसांत लेखी द्यायचं होतं, मग सुनावणी.

पहिल्या दोन मुद्द्यांवर प्रणालीला राग आला. तिसऱ्यावर मात्र तिची मान खाली गेली. सौंसरच्या एका खासगी शाळेत तिनं आठ महिने शिकवलं होतं. पोटात सायली होती, बसचे धक्के सोसवत नव्हते, आणि एका सोमवारी ती गेलीच नाही. ना चिठ्ठी ना निरोप. ही गोष्ट तिला तीन वर्षं मनात खुपत होती.

"आई, यात खोटं काय लिहलं?" ती म्हणाली. "सोडलंच होतं ना मी काम."

ही जागा तिला हवी होती. पोरांमध्ये ती रमायची, सायलीला सोबत नेता आलं असतं, आणि आपल्याच गावात आपल्या नावाची पाटी असलेलं काम पुन्हा कधी निघेल याचा काही भरवसा नव्हता. म्हणून ती चुलीपाशी बसून रडली. जयवंताबाईला रडणं पाहवत नाही. तिनं पिशवी उचलली.

"कागद वाचून रडते का कोणी? चाल सौंसरले. शालिकरामभाऊच्या हातचं उत्तर लिहून आणू."

सौंसरच्या तहसिलीसमोर, कडुलिंबाखाली, शालिकराम अर्जीनवीस चाळीस वर्षांपासून टेबल मांडून बसतात. शेजारी कॉम्प्युटरची दोन दुकानं झाली, तरी भांडणाचा कागद लोक त्यांच्याकडूनच लिहून घेतात. त्यांच्या हातचा कागद वाचला की समोरचा वकील शोधायला धावतो अशी त्यांची ख्याती आहे, आणि ती ख्याती ते स्वतःही अधूनमधून लोकांच्या कानावर घालत असतात. सगळे त्यांना बाबूजी म्हणतात.

प्रणालीनं कागद पुढं केला. बाबूजींनी चष्मा न लावताच तो हातभर लांब धरला आणि त्यांच्या चेहऱ्यावर हसू पसरलं.

"अक्षर कसं हाय?"

"चांगलं आहे, बाबूजी."

"अन् भाषा?"

"भेव वाटते वाचून."

बाबूजी इतके खूश झाले की त्यांनी तिला बसायला स्टूल दिलं. जयवंताबाईच्या लक्षात आधी आलं. "भाऊ, हा कागद तुमीच लिहला का?"

"मीच. बुधवारी आली होती ना सुप्रियाबाई. पेशीचा दिवस, तारखावाल्यांची हे एवढी गर्दी, तरी लिहला. उतरला बरा."

जयवंताबाईनं पिशवीतली संत्री टेबलावर काढून ठेवली होती. ती तिनं एकेक करून परत पिशवीत भरायला घेतली. बाबूजी त्या संत्र्यांकडे पाहत राहिले.

"हे पाहा बाई, एका भांडणात मी एकाच बाजूनं लेखणी उचलतो. उत्तर लिहून देणार नाही. त्यात भोक कुठी हाय तेही सांगणार नाही, अन् खरं पुससान त भोक नाहीच. पण या पोरीले वाचाले शिकवतो."

"मले वाचता येते. बी.ए. आहो मी," प्रणाली जरा तडकून म्हणाली.

"तुले अक्षरं वाचता येते, कागद नाही वाचता येत. किती खेपा वाचला हा?"

"एकदा."

"बसून का उभ्यानं?"

"उभ्यानं."

"अन् उभ्यानंच घाबरली." बाबूजींनी कागदाची घडी घालून तिच्या हातात दिली आणि त्यांचा आवाज उतरला. "चाळीस वर्षांत माहा एक कागद कोणी धड वाचला नाही, पोरी. बाबू कोर्टफीचं तिकीट पाहाते, साहेब शेवटची ओळ पाहाते, अन् समोरचा पहिल्या ओळीलेच हातपाय गाळते. मी मधात काय लिहलं ते मलेच ठाऊक. तू वाच. पुरा वाच. मले बरं वाटन."

तो माणूस हे खरंच बोलत होता, आणि ते ऐकून प्रणालीचा राग निम्म्यावर आला. जयवंताबाईनं दोन संत्री पुन्हा टेबलावर ठेवली.

"पण आज हा वाचाचा नाही," बाबूजी म्हणाले. "आज तुह्या डोक्यात राग हाय. दुसरं काही छापलेलं हाय का जवळ?"

जयवंताबाईच्या पिशवीत गुडघ्यांच्या तेलाची बाटली होती आणि बाटलीला गुंडाळलेला जाहिरातीचा कागद. तेल तिनं जामसांवलीच्या देवळाबाहेर एका गाडीवाल्याकडून घेतलं होतं आणि त्याच्याविरुद्ध शब्द खपवून घेत नव्हती. बाबूजींनी लाल-निळी पेन्सिल प्रणालीच्या हातात दिली. नुसतं सांगितलेलं निळ्यानं, पुराव्यानिशी दाखवलेलं लालनं, एवढंच म्हणाले आणि आपल्या गिऱ्हाइकाकडे वळले.

अर्ध्या तासानं सगळा कागद निळा झाला होता. लाल रेघ एकच, बाटलीच्या चित्राखाली.

"हजारो लोकांना गुण आला, असं लिहलंय," प्रणाली म्हणाली. "पण कोण्या गावचे हजार, ते नाही."

"मी हाव ना," जयवंताबाई फणकारली. "मले गुण आला. रामाकोन्याची."

"किती दिवस लावलं, बाई?" बाबूजींनी विचारलं.

"महिनाभर. रोज."

"अन् त्या महिन्यात आणखी काय केलं?"

"काही नाही. कापसाची वेचणी सरली होती, मंग बसूनच होती मी घरी." एवढं बोलून जयवंताबाई थांबली. तिनं बाटलीकडे पाहिलं, गुडघ्याकडे पाहिलं, आणि मग पदर तोंडाला लावून इतकी हसली की शेजारच्या कॉम्प्युटरवाल्यानं मान बाहेर काढली. "महिनाभर बसून राहाले त तेलाची काय गरज होती वं माय!"

त्या दिवशी बाबूजींची जीभ सैल सुटली होती. ‘सर्वविदित’ हा शब्द अर्जीनवीस कधी वापरतो, तर साक्षीदार मिळाला नाही की, असं ते बोलून गेले आणि लगेच म्हणाले, "हे मी नाही सांगतलं." निघताना मात्र त्यांनी प्रणालीला मुद्दाम थांबवलं.

"आमच्या धंद्याची सारी करामत एका शब्दात हाय. ‘अतः’. तो आला का वाचणारा भराभरा वर चढते, जिना असल्यावानी. तू ‘अतः’ दिसलं का थांबजो. खालची पायरी जागेवर हाय का ते पायानं दाबून पाहजो, मंगच वर पाय टाकजो."

पुढचे तीन दिवस प्रणालीनं घराला हैराण केलं. बसमधली पाटी, बियाण्याच्या पाकिटामागचा मजकूर, मोबाइलवर आलेला प्रत्येक संदेश ती पेन्सिल घेऊन वाचू लागली. तिचा नवरा सुमेध जिनिंगमध्ये कामाला; त्यानं चहा पिता पिता एक संदेश मोठ्यानं वाचला, की पितळेच्या भांड्यात ठेवलेलं पाणी प्यायल्यानं बुद्धी वाढते असं परदेशात सिद्ध झालंय. कोणत्या देशात, कोणी, कोणाला पाजून, असं तिनं विचारताच तो चहा अर्धा टाकून कामावर निघून गेला. सायलीनं त्यातला एकच शब्द उचलला. जेव म्हटलं की "कशावरून?", झोप म्हटलं की "कशावरून?" जयवंताबाईनं नातीला दटावलं, पण शेजारीण येऊन गावातली एक बातमी सांगू लागली तेव्हा तिच्याही तोंडून तेच निघालं.

प्रणालीला मजा येऊ लागली होती. भीती वाटायचं थांबलं होतं, आणि ते नेमकं कधी थांबलं हे तिचं तिलाच कळलं नव्हतं.

चौथ्या दिवशी दुपारी, सायली झोपल्यावर, ती अंगणात खाटेवर बसली आणि तिनं सुप्रियाचा कागद उघडला. बसून, सावकाश.

माहेर पांढुर्ण्याचं. खरं. अतः गावाशी संबंध नाही. ती थांबली. गावातल्या कोणत्या सुनेचं माहेर गावात होतं? सुप्रियाचं स्वतःचं माहेर जामसांवलीकडचं. पायरी नव्हतीच. दुसऱ्या मुद्द्यातले ‘घोर’, ‘नितांत’, ‘सर्वविदित’ असे शब्द तिनं खोडले आणि मागं उरलं काय ते पाहिलं, तर कर्ता आणि क्रियापद. तिला हसू आलं. तिसरा मुद्दा तिनं वाचला, मान आपोआप खाली गेली, आणि ती पुढं सरकली.

मग एकदम तिच्या लक्षात आलं की इथं आपण थांबलोच नाही.

तिनं ओळ पुन्हा वाचली. ‘आवेदिका ने पूर्व में त्यागपत्र देकर दायित्व अधूरा छोड़ा, छायाप्रति संलग्न।’ यात शाळा कुठं होती? शाळेचं नाव नव्हतं, साल नव्हतं, सौंसर नव्हतं. शाळा तिच्या मनात होती, आणि ती तिनंच आपल्या हातानं त्या ओळीत नेऊन बसवली होती. शिवाय त्यागपत्र? तिनं तर चिठ्ठीसुद्धा दिली नव्हती. मग छायाप्रत कशाची जोडली?

‘संलग्न’वर बोट ठेवून तिनं पान उलटलं. शेवटी टाचलेली, काळपट, अर्धी पुसलेली झेरॉक्स तिनं आजवर उघडूनच पाहिली नव्हती. वर ठसठशीत मथळा होता : ‘राजीनामा’. खाली तिचं नाव. त्याखाली शेजारच्या मोरेश्वरचं नाव. आणि मग मजकूर, की लोक अदालतीत दोन्ही पक्षांनी सांडपाण्याच्या नालीचा वाद आपसात मिटवला आहे.

"आई," तिनं हाक मारली. आवाज विचित्र आला असावा, कारण जयवंताबाई हातातलं सूप टाकून धावली. प्रणालीनं तिला मजकूर वाचून दाखवला.

"अवं, हा त आपल्या नालीचा कागद," जयवंताबाई म्हणाली. "मोरेश्वर अन् आपण त्या दिवशी तथीच चहा पेलो. यात सोडलं काय तू?"

"भांडण सोडलं, आई."

हिंदीत राजीनामा म्हणजे दोन्ही बाजूंची राजीखुशी, तडजोड. तहसिलीत रोज दहा होतात. मराठीत राजीनामा म्हणजे नोकरीला रामराम. सुप्रियाच्या घरी नागपूरचा मराठी पेपर येतो, आणि त्यात मंत्री राजीनामे देतात. कुठून तरी हाती लागलेल्या कागदावर तिनं तो मथळा पाहिला, खाली प्रणालीचं नाव पाहिलं, आणि तिला वाटायचं ते वाटलं. इथवर प्रणालीला सगळं सरळ दिसलं. पण सुप्रियाला ‘त्यागपत्र’ हा शब्द सुचला नसता. तो लिहिणाऱ्याचा होता. बाबूजींनी गर्दीत तिचं मराठी कानानं ऐकलं, चोख हिंदी केलं, आणि जोडलेला कागद वाचला नाही.

तिनं उत्तर लिहिलं, स्वतःच्या हातानं, दीड पान. बाबूजींचं नाव त्यात कुठं घातलं नाही. तरी रात्रीच्या जेवणात तिचं लक्ष लागेना. ज्यानं वाचायला शिकवलं त्याचाच कागद उघडा पाडायचा, तोही चार लोकांत, हे तिला बरं वाटत नव्हतं. जयवंताबाईला तिनं तसं सांगितलं.

"मंग आधी त्याईलेच दाखव," जयवंताबाई म्हणाली. "मागून कळलं त जास्त लागन."

सुनावणीच्या दिवशी सकाळी दोघी कडुलिंबाखाली पोचल्या. प्रणालीनं पिशवीतून कागद काढला. तिनं फक्त ‘संलग्न’वर बोट ठेवलं आणि पान उलटलं. बाबूजींनी या खेपेला चष्मा लावला. त्यांनी मथळा वाचला, मजकूर वाचला, आपली ओळ वाचली, पुन्हा मजकूर वाचला. त्यांचे कान लाल झाले. टेबलासमोर उभ्या असलेल्या दोन गिऱ्हाइकांना त्यांनी हातानंच थांबायला सांगितलं.

"हे तू काढलं?"

"हो, बाबूजी."

"कोणी सांगतलं नाही?"

"तुमीच सांगतलं. थांब म्हणून."

त्यांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. प्रणालीला वाटलं, म्हातारा दुखावला. आणि मग त्यांचे खांदे हलू लागले, पोट हलू लागलं, टेबल हललं. डोळ्यांतून पाणी येईपर्यंत शालिकराम अर्जीनवीस स्वतःला हसले.

"चाळीस वर्षं मी राजीनामे लिहून राहिलो, अन् राजीनाम्यातच पडलो," ते डोळे पुसत म्हणाले. "तुह्या उत्तरात माहं नाव लिहलं का?"

"नाही."

"कायले नाही?" असं म्हणून त्यांनी टेबल कॉम्प्युटरवाल्याच्या भरवशावर सोडलं आणि पायात चपला सरकवल्या.

सुनावणी घेणाऱ्या मॅडम जबलपूरकडच्या होत्या, त्यांना मराठी येत नव्हतं. त्यांनी प्रणालीचं उत्तर वाचलं, मग झेरॉक्स पाहिली, मग कपाळाला आठी घातली. तडजोडीचा कागद त्यागपत्र म्हणून कोणी जोडला, असं त्यांनी सुप्रियाला विचारलं. सुप्रिया गोंधळली. "राजीनामाच त हाय ना तो," ती प्रणालीकडेच पाहत हळूच म्हणाली. तिला अजूनही कळलं नव्हतं.

तेव्हा दारातून बाबूजी आत आले. हात जोडून त्यांनी हिंदीत सांगितलं, की या बाईची चूक नाही, शब्द माझा आहे. मराठीत राजीनामा म्हणजे नोकरी सोडणं आणि हिंदीत राजीनामा म्हणजे भांडण सोडणं. मी अर्धा मराठीतून ऐकला आणि अर्धा हिंदीतून लिहिला, आणि कागद न वाचता जोडला. मॅडमनी त्यांच्याकडे रोखून पाहिलं आणि विचारलं, मग हे उत्तर कोणी लिहिलं? मी, प्रणाली म्हणाली. इतकं मुद्देसूद वाचायला कोणी शिकवलं? प्रणालीनं बाबूजींकडे बोट केलं.

मॅडमनी पेन खाली ठेवला. हसू दाबायचा त्यांनी प्रामाणिक प्रयत्न केला, पण दाराशी उभ्या जयवंताबाईला राहवलं नाही आणि तिनं खुलासा केला, "मॅडमजी, हमने तो नाली छोडी थी." मग मात्र सगळी खोली हसली. सुप्रियाला सर्वांत शेवटी उमगलं, आणि ती टेबलावर डोकं टेकून हसली. हसून झाल्यावर तिचे डोळे भरले, कारण जागा तिलाही हवी होती. प्रणालीनं ते पाहिलं. परतीच्या बसमध्ये ती तिच्याच शेजारी बसली. रामाकोना जवळ आल्यावर सुप्रिया म्हणाली, "पुढच्या यादीच्या वेळी माहा अर्ज तू वाचून देजो." प्रणाली हो म्हणाली, आणि मनापासून म्हणाली.

आठवड्यानं नियुक्तीचा आदेश आला. सुमेध पेढे आणायला सायकलीवर टांग टाकून उभा, सायली नाचतेय, शेजारपाजारी गोळा झालेले, आणि प्रणाली खाटेवर बसून आदेश वाचतेय. पहिल्या अक्षरापासून शेवटच्या शिक्क्यापर्यंत, मागचं पान, जोडलेलं पान. जयवंताबाईनं तोवर कोणालाही टाळी वाजवू दिली नाही.

दुसऱ्या दिवशी ती पेढे घेऊन सौंसरला गेली. बाबूजी एका शेतकऱ्याचा अर्ज लिहीत होते, आणि सही करण्याआधी तो शेतकरी स्टुलावर बसून, ओठ हलवत, तो अर्ज पहिल्यापासून वाचत होता. मागं चौघं ताटकळत उभे होते आणि बाबूजींना त्यांची बिलकूल घाई नव्हती. प्रणालीनं आदेश त्यांच्यासमोर ठेवला.

"किती खेपा वाचला?" त्यांनी पेढ्याला हात न लावता विचारलं.

"चार खेपा, बाबूजी."

"चार कायले? तीन पुरे होत्या."

"तीन खेपा तपासाले वाचला," प्रणाली म्हणाली. "चौथ्या खेपेले नुसता वाचला."